नडगीवरची उघडी जखम आणि फ्लॅपची शस्त्रक्रिया : एका विभागाच्या सेवेचे परीक्षण

रुग्णालयांविषयी लोकांनी लिहिलेले अभिप्राय चाळले, तर पार्किंगची सोय, उपाहारगृहातील चहा आणि बिलाच्या खिडकीवरची रांग यांची माहिती भरपूर मिळते. परंतु ज्या उपचारासाठी माणूस तेथे गेला, तो उपचार कसा झाला याबद्दल दोन ओळींपलीकडे सहसा काही सापडत नाही. माझ्या धाकट्या भावाच्या उजव्या पायावर पुण्यातील एका विश्वस्त संस्थेच्या रुग्णालयात फ्लॅपची, म्हणजे शरीराचा जिवंत भाग त्याच्या रक्तपुरवठ्यासह जखमेवर नेऊन लावण्याची, शस्त्रक्रिया झाली. तेथील प्लास्टिक सर्जरी विभागात आम्ही २६ दिवस काढले आणि त्यानंतर जवळजवळ वर्षभर तपासणीसाठी ये-जा केली. मी डॉक्टर नाही, माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. त्यामुळे शस्त्रक्रियेच्या कौशल्यावर निवाडा देण्याचा माझा अधिकार नाही. मात्र विभागाने आम्हांला काय सांगितले, केव्हा सांगितले, रात्री-अपरात्री कोण हजर होते आणि पैसे कशाचे घेतले, एवढे तरी जबाबदारीने सांगता येते. तक्रारीही सांगायच्या असल्यामुळे रुग्णालयाचे नाव मुद्दामच देत नाही.

अपघात जानेवारीतला. आमच्या भागात त्या दिवसांत कारखान्यांचा गळीत हंगाम भरात असतो आणि अंधार पडल्यावर राज्यरस्त्यावरून दुचाकी चालवणे म्हणजे उसाच्या ट्रॉल्या चुकवत जाणे असते. कडेला पंक्चर होऊन उभ्या असलेल्या अशाच एका ट्रॉलीवर, जिच्या मागे ना दिवा होता ना रिफ्लेक्टर, भावाची मोटारसायकल आदळली. १०८ ची रुग्णवाहिका वेळेत आली. उजव्या नडगीचे हाड खालच्या तिसऱ्या भागात मोडले होते आणि त्यावरची कातडी, चरबी व थोडे स्नायू जवळजवळ वीतभर लांबीत खरवडून निघाले होते. हाड पांढरे दिसत होते, हे मी स्वतः पाहिले आहे आणि विसरलेलो नाही.

तालुक्याच्या ज्या रुग्णालयात त्याला प्रथम नेले, तेथील पहिल्या रात्रीच्या कामाबद्दल मला काही उणे म्हणायचे नाही. जखम भरपूर सलाइनने धुतली, प्रतिजैविके लगेच सुरू केली, धनुर्वाताचे इंजेक्शन दिले आणि बाहेरून सळ्या लावून हाड स्थिर केले. पुण्याच्या डॉक्टरांनीही हे काम नीट झाल्याचे सांगितले. घोटाळा पुढच्या पाच दिवसांत झाला. रोज ड्रेसिंग होत होते आणि रोज आम्हांला एकच वाक्य ऐकवले जात होते, की मांस हळूहळू भरून येईल, मग वरून कातडी लावू. सहाव्या दिवशी जखमेच्या कडा काळसर झाल्या आणि वास येऊ लागला, तेव्हा ‘प्लास्टिक सर्जनला दाखवून घ्या’ असे चिठ्ठीवर लिहून मिळाले. ही चिठ्ठी पहिल्या दिवशीच मिळायला हवी होती.

असे म्हणण्यामागे केवळ राग नाही. कोणीही स्वतःच्या नडगीवरून बोट फिरवून पाहावे. आतल्या बाजूला हाड आणि कातडी यांच्यामध्ये स्नायू जवळजवळ नसतोच. मांडीवर जखम झाली तर तळाशी रक्ताने भरलेला स्नायू असतो, तो मांस धरतो आणि त्यावर कातडीचा पातळ पापुद्रा लावला तरी चिकटतो. हाडावरचे नाजूक आवरण सोलून निघाले असेल, तर त्या कोरड्या हाडावर पापुद्रा जगत नाही आणि वाट पाहत बसल्याने हाड आणखी सुकते व संसर्गाला वाट मोकळी होते. आजच्या स्लोव्हेनियातील ल्युब्लियाना येथे काम करणारे मार्को गोदिना यांचा या विषयावरचा ५३२ रुग्णांचा अभ्यास १९८६ साली प्रसिद्ध झाला आणि अजूनही त्याचा दाखला दिला जातो. अपघातानंतर ७२ तासांच्या आत फ्लॅप लावलेल्यांत फ्लॅप वाया जाण्याचे प्रमाण ०.७५ टक्के होते, तर ७२ तासांनंतर तीन महिन्यांपर्यंत थांबलेल्यांत ते १२ टक्क्यांवर गेले, संसर्गही १.५ टक्क्यावरून १७.५ टक्क्यांवर पोचला. त्यानंतर जखमेची निगा बरीच सुधारली असून ७२ तासांची रेघ आता तितकी कडक मानली जात नाही, असे आमच्या डॉक्टरांनीच सांगितले. तरीही काही न ठरवता पाच दिवस नुसते ड्रेसिंग करत राहणे आणि जखम साफ करत योजना आखून थांबणे यांत अंतर आहे, आणि आमचे पाच दिवस पहिल्या प्रकारात गेले.

पुण्याच्या विभागात पोचलो ती वेळ दुपारची होती. येथून पुढे परीक्षणाचा मुख्य भाग सुरू होतो, आणि पहिली नोंद चांगली आहे. अस्थिरोगतज्ज्ञ आणि प्लास्टिक सर्जन अशा दोघांनी जखम एकाच वेळी, एकाच खाटेशी उभे राहून पाहिली. वेगवेगळ्या मजल्यांवर वेगवेगळी मते ऐकण्याची ज्यांना सवय आहे, त्यांना याचे मोल कळेल. त्यांनी आपसांत गुण मोजले. कोइम्बतूरच्या गंगा रुग्णालयात तयार झालेली ही मोजणी आहे. कातडी, हाड आणि स्नायू-कंडरा (कंडरा म्हणजे स्नायू हाडाला जोडणारी दोरी) यांच्या नुकसानीला एक ते पाच असे गुण देतात, त्यात वय, मधुमेह यांसारख्या गोष्टींसाठी दोन-दोन गुण मिळवतात, आणि बेरीज १४ किंवा त्याहून कमी आली तर पाय वाचवण्याच्या मार्गाने जातात. १७ किंवा त्याहून अधिक आली तर पाय काढण्याचा विचार होतो, मधल्या आकड्यांना अनुभवाने निर्णय घ्यावा लागतो. भावाची बेरीज नऊ आली. ‘पाय वाचेल का’ या आईच्या प्रश्नाला सर्जनने दिलेले उत्तर मला आवडले. ते म्हणाले, “वाचवता येईल असं आम्हांला वाटतंय, आई, पण एका शस्त्रक्रियेत हे संपणार नाही, आणि वर्षभर तुमच्या घराला हे काम पुरेल.” अमेरिकेत गंभीर जखमी पायांच्या रुग्णांचा दोन वर्षे पाठपुरावा केला, तेव्हा पाय वाचवलेले आणि पाय काढून कृत्रिम पाय लावलेले यांच्या हालचालींत फारसा फरक आढळला नव्हता, हेही त्यांनी लपवले नाही. पाय वाचवणे हा आपोआपच मोठा विजय असतो, असा समज घेऊन आम्ही आलो होतो. त्याला तेथेच थोडा लगाम बसला.

फ्लॅप म्हणजे काय, हे समजावण्यासाठी त्यांनी केसपेपरच्या मागे आकृती काढली आणि आम्ही शेतकरी कुटुंबातले आहोत हे कळल्यावर उदाहरणही तसेच दिले. कातडीचा पापुद्रा लावणे म्हणजे ओल्या जमिनीवर बी फेकणे. खडकावर ते उगवणार नाही. फ्लॅप म्हणजे मुळांभोवतीच्या मातीच्या गड्ड्यासकट उचललेले रोप. त्याचे पाणी त्याच्याबरोबर येते. जवळचा भाग मूळ न तोडता सरकवता येत असेल तर तो सरकवतात, आणि जवळ काहीच नसेल तर दुरून गड्डा आणून त्याची रक्तवाहिनी येथील रक्तवाहिनीला जोडतात. नडगीच्या वरच्या भागासाठी पोटरीचा वरचा स्नायू वळवता येतो, मधल्या भागासाठी त्याखालचा स्नायू कामी येतो, पण खालच्या तिसऱ्या भागात पाय निमुळता होतो आणि तेथे आणण्यासारखे शेजारी फार थोडे उरते. घोट्याकडे मूळ ठेवून पोटरीच्या मागची कातडी वळवण्याचा एक मार्ग असतो. भावाच्या बाबतीत तो भागही चेचलेला असल्याने तो बाद झाला. शेवटी डाव्या मांडीच्या बाहेरच्या बाजूची कातडी आणि त्याखालचे आवरण, त्यांना रक्त पुरवणाऱ्या वाहिन्यांसह, उजव्या नडगीवर नेण्याचे ठरले. चीनमधील शल्यचिकित्सकांनी १९८४ साली वर्णन केलेला हा फ्लॅप आता जगभर वापरला जातो.

हे सारे ऐकताना कोणी घड्याळाकडे पाहिले नाही. त्याच दिवशी संध्याकाळी ज्या संमतिपत्रावर सही घेतली गेली, ते मात्र चार पाने इंग्रजीत होते आणि एका शिकाऊ डॉक्टरने ते दीड मिनिटात वाचून दाखवले. तोंडी समजावणे इतके उत्तम असताना कागद असा का असावा, याचे उत्तर मला मिळाले नाही. मराठी प्रत मागितल्यावर ‘छापायला दिली आहे’ असे सांगण्यात आले. वर्षभरानेही ती छापूनच येत होती.

फ्लॅपच्या आधीचे सहा दिवस जखम तयार करण्यात गेले. पहिल्याच रात्री शस्त्रक्रियागृहात नेऊन मेलेली कातडी, काळपट स्नायू आणि हाडाचा एक सुटा तुकडा काढला. तीन दिवसांनी पुन्हा तेच. मधल्या काळात जखमेत स्पंज भरून वर प्लास्टिकचा पापुद्रा चिकटवला आणि नळीने यंत्र जोडले, जे हवा ओढून घेते. याला सगळे ‘व्हॅक’ म्हणतात. यंत्रावर उणे १२५ हा आकडा दिसे आणि डब्यात लालसर पाणी जमे. व्हॅकमुळे सूज आणि घाण कमी होते, पण उघडे हाड काही झाकले जात नाही, हे सिस्टरनीही आम्हांला बजावले होते, कारण जखम लाल दिसू लागली की नातेवाइकांना शस्त्रक्रिया टळेल अशी आशा वाटू लागते. आम्हांलाही वाटली होती. पायाच्या तीन मुख्य रोहिण्यांपैकी कोणत्या शाबूत आहेत, हे पाहण्यासाठी याच दिवसांत सीटी अँजिओग्राफी झाली. पुढची बंद निघाली, मागची उत्तम होती.

तंबाखूचा विषय येथेच सांगतो. भाऊ विडी-सिगारेट ओढत नाही, पण चुना लावून मळलेली तंबाखू दिवसातून सात-आठ वेळा गालात जाते. निकोटिनमुळे बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि जोडलेली वाहिनी दोन-तीन मिलिमीटरचीच असते, तेव्हा ओढलेली असो वा चघळलेली, तंबाखू सारखीच घातक, असे त्याला स्वच्छ सांगण्यात आले. तिसऱ्या दिवशी वॉर्डातल्या मामांना उशीच्या खोळीत पुडी सापडली. त्यांनी आरडाओरडा न करता ती थेट सर्जनच्या हातात नेऊन दिली, आणि सर्जनने त्या दिवशीची फेरी थांबवून पंधरा मिनिटे भावाच्या खाटेवर बसून बोलणे केले. नातेवाइकांना बाहेर काढले होते, त्यामुळे काय बोलणे झाले ते मला आजही ठाऊक नाही. पुडी पुन्हा सापडली नाही.

शस्त्रक्रिया अपघातानंतर बाराव्या दिवशी झाली. सकाळी आठला आत नेले आणि साडेपाचला बाहेर आणले. बाहेरच्या सळ्या काढून हाडात रॉड घालणे आणि लगेच त्याच बैठकीत फ्लॅप लावणे, अशी दोन्ही कामे दोन चमूंनी केली. एक चमू नडगीवर काम करत असताना दुसरी मांडीवर होती. केसाहून बारीक धाग्याने, सूक्ष्मदर्शकाखाली, एक रोहिणी आणि दोन नीला जोडल्या गेल्या. प्रतीक्षाकक्षाबद्दल मात्र मी पाचपैकी एकच गुण देईन. साडेनऊ तासांत आमच्याकडे एकदाच, दुपारी एकच्या सुमारास, एक परिचारिका येऊन ‘चालू आहे’ एवढे सांगून गेली. फलकावर रुग्णांची नावे आणि ‘शस्त्रक्रिया सुरू’, ‘शस्त्रक्रिया पूर्ण’ अशा खुणा दाखवणारा पडदा बसवलेला आहे. तो त्या दिवशी बंद होता आणि पुढच्या तीन भेटींतही बंदच होता.

त्या तासांत मी मोबाइलवर बरेच वाचले, त्यात पुण्याशी जोडलेली एक गोष्ट होती. कावसजी नावाचा इंग्रजी फौजेचा एक गाडीवान टिपूच्या सैनिकांच्या हाती सापडला आणि त्याचे नाक कापले गेले. पुढे पुणे परिसरात विटा भाजणाऱ्या समाजातल्या एका कारागिराने त्याच्या कपाळाची कातडी खाली वळवून नवे नाक घडवले, आणि त्याची हकिकत चित्रासह १७९४ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या एका मासिकात छापून आली. ती वाचून जोसेफ कार्प्यू या इंग्रज शल्यचिकित्सकाने अभ्यास केला आणि १८१४ साली तशी पहिली शस्त्रक्रिया लंडनमध्ये केली. त्या कारागिराचे नाव कोणी लिहून ठेवलेले नाही. कपाळाच्या कातडीचे टोक भुवयांपाशी न तोडता ठेवायचे, म्हणजे तिचे रक्त तुटत नाही, ही त्याची युक्ती आणि सर्जनने केसपेपरवर काढलेली आकृती यांत तत्त्व एकच होते. मुळासकट तोडून दूरच्या जागी जोडण्याची मजल १९७० च्या दशकात, सूक्ष्मदर्शक आणि अतिबारीक सुया आल्यावर गाठली गेली.

आता ज्या गोष्टीसाठी हे परीक्षण मुख्यतः लिहायला घेतले, ती सांगतो. फ्लॅपची शस्त्रक्रिया टाके घातल्यावर संपते असा आमचा समज होता. प्रत्यक्षात पुढच्या दोन-तीन रात्रींतच तिचा निकाल लागतो, कारण जोडलेल्या वाहिनीत गुठळी होण्याचा धोका तेव्हाच सर्वाधिक असतो. म्हणून फ्लॅप करणारा विभाग निवडताना सर्जनचे नाव विचारावे तसे रात्री फ्लॅपवर कोण नजर ठेवते आणि रात्री दोन वाजता शस्त्रक्रियागृह उघडते का, हेही विचारायला हवे. आम्ही विचारले नव्हते. नशिबाने उत्तर चांगले निघाले.

भावाला चार खाटांच्या वेगळ्या खोलीत ठेवले होते. तेथे एसी बंद होता, अंगावर दोन रजया होत्या, चहा-कॉफीला मनाई होती आणि पाय उशांवर उचललेला होता. दर तासाला सिस्टर येत, ड्रेसिंगच्या मोकळ्या ठेवलेल्या खिडकीतून फ्लॅपवर हाताची पाठ टेकवून ऊब पाहत, बोटाने दाबून सोडत आणि रंग परत यायला किती वेळ लागतो ते मोजत. मग पेनासारखे छोटे डॉप्लर यंत्र खुणेच्या टाक्यावर टेकवले की वाहिनीचा धडधडणारा आवाज येई. सारे तक्त्यावर लिहिले जाई. फ्लॅप पांढरा आणि गार पडला तर आत येणारे रक्त अडले. निळा, फुगीर झाला आणि दाबल्यावर रंग झटकन परत आला तर बाहेर जाणारे रक्त अडले, असे त्यांनी आम्हांलाही शिकवले. रंग झटकन परत येणे हे वाईट लक्षण असू शकते, हे माझ्यासारख्या विज्ञानशिक्षकालाही नवे होते.

दुसऱ्या रात्री सव्वादोनला हेच घडले. एकच्या नोंदीत सर्व ठीक होते. दोनच्या तपासणीत सिस्टरना रंग किंचित जांभळट वाटला. त्यांनी मोठा दिवा लावला, शेजारच्या खाटेवरचे चिडले, त्यांनी लक्ष दिले नाही. डॉप्लरचा आवाज येत होता, तरी त्यांनी शिकाऊ डॉक्टरला फोन केला. तो दहा मिनिटांच्या आत, चप्पल उलटसुलट घालून, आला. सुई टोचल्यावर लालभडक रक्ताऐवजी काळपट रक्त भराभर आले. त्याने तेथूनच सर्जनना फोन लावला, तीन वाजून दहा मिनिटांनी सर्जन वॉर्डात होते आणि पावणेचारला भाऊ पुन्हा शस्त्रक्रियागृहात होता. एका नीलेत गुठळी झाली होती. ती काढून वाहिनी पुन्हा जोडली. सकाळी सातला त्याला बाहेर आणले तेव्हा फ्लॅप गुलाबी होता. अशा वेळी काही तासांचा उशीर झाला असता तर संपूर्ण फ्लॅप काळा पडला असता, हे सर्जननी नंतर शांतपणे सांगितले, आणि फोन करणाऱ्या सिस्टरचे नाव घेऊन सांगितले. मला या विभागाची उंची त्या एका वाक्यातून समजली. यंत्रातला आवाज व्यवस्थित येत असताना स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवून मध्यरात्री वरिष्ठांची झोप मोडण्याची मुभा ज्या विभागातल्या परिचारिकेला आहे, त्या विभागावर मी विसंबेन.

पहिले पाच दिवस उलटल्यावर नजर सैल झाली आणि त्याबरोबर सेवाही थोडी सैल झाली. सामान्य वॉर्डात हलवल्यावर ड्रेसिंगची वेळ रोज बदलू लागली. एकदा सकाळी नऊचे ड्रेसिंग दुपारी अडीचला झाले आणि भाऊ तोवर उपाशी होता, कारण भूल लागेल की नाही हे कोणी ठरवले नव्हते. मावशी मात्र शेवटपर्यंत वेळेवर येत. जेवण साधे, गरम आणि पुरेसे असे. प्रथिने वाढवायला सांगितले होते आणि आहारतज्ज्ञांनी दोन उकडलेली अंडी लिहून दिली होती, ती प्रत्यक्षात दिवसाआड मिळाली.

मांडीच्या जखमेबद्दल माझी तक्रार अधिक गंभीर आहे. जेथून फ्लॅप घेतला ती जागा रुंदीला मोठी असल्याने टाक्यांनी जुळली नाही, म्हणून तेथे दुसऱ्या मांडीवरून कातडीचा पापुद्रा काढून लावावा लागला. परिणामी भावाला नडगी, डावी मांडी आणि उजवी मांडी अशा तीन जखमा झाल्या, आणि त्याचे म्हणणे आहे की पहिल्या आठवड्यात सर्वांत जास्त आग पापुद्रा काढलेल्या जागेची झाली. वैद्यकीयदृष्ट्या ती सर्वांत किरकोळ जखम, दोन आठवड्यांत आपोआप भरणारी; म्हणूनच बहुधा तिच्याविषयी आधी कोणी बोलले नाही. अन्यथा इतके मोकळेपणाने बोलणाऱ्या विभागाकडून ही कसर राहायला नको होती.

आठव्या दिवसापासून पाय खाटेखाली सोडायला सुरुवात झाली. प्रथम पाच मिनिटे, दिवसातून तीनदा, पट्टी गुंडाळून. नंतर दहा, नंतर पंधरा. नव्या कातडीला उभ्या पायातल्या रक्ताच्या ओझ्याची सवय लावावी लागते. पाय खाली गेला की फ्लॅप दर वेळी जांभळट होई आणि आईचा जीव खालीवर होई. फिजिओथेरपिस्ट बाई कडक होत्या, मोजक्या बोलत, आणि घरी करायचे व्यायाम त्यांनी मराठीत हाताने लिहून दिले. संमतिपत्र छापणाऱ्यांनी त्यांची वही पाहावी.

पैशांबद्दल. दाखल होताना अंदाज ३ लाख २५ हजारांचा दिला होता, अंतिम बिल ४ लाख ६० हजारांच्या आसपास गेले. रात्रीच्या दुसऱ्या शस्त्रक्रियेचे शुल्क सर्जननी घेतले नाही; शस्त्रक्रियागृह, भूल आणि साहित्य यांचे पैसे लागले, आणि ते मला मान्य आहे. अंदाजात व्हॅकच्या स्पंजचे संच मुळीच धरलेले नव्हते, हे मात्र मान्य नाही. दर बदलाला नवा संच लागतो हे विभागाला पहिल्या दिवशी माहीत असते. भावाच्या कंपनीचा ३ लाखांचा विमा होता, उरलेली रक्कम आम्ही उभी केली. ज्यांच्याकडे विमा नाही, त्यांनी दाखल होतानाच महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या खिडकीवर आरोग्यमित्रांना रेशनकार्ड व आधारकार्ड दाखवून आपले उपचार आणि ते रुग्णालय त्या योजनेत बसतात का, हे विचारावे. आमच्या शेजारच्या खाटेवरच्या कुटुंबाने ही चौकशी दहाव्या दिवशी केली आणि त्यांचा बराच खर्च तोवर खिशातून गेला होता.

आज परिस्थिती अशी आहे. आठव्या महिन्यात हाड जुळल्याचे एक्स-रेमध्ये दिसले, भाऊ काठीशिवाय चालतो, उतारावर किंचित लंगडतो आणि दुचाकीवर पुन्हा बसू लागला आहे, ज्याला आईचा अजूनही विरोध आहे. फ्लॅप जिवंत आणि सुरक्षित आहे, देखणा नाही. नडगीवर उशी बांधल्यासारखा तो भाग उंच दिसतो, रंग आजूबाजूहून उजळ आहे, आणि मांडीचे केस आता नडगीवर उगवतात, यावर पुतण्यांचे विनोद चालू असतात. त्या जागेला स्पर्शाची जाणीव नाही. डिस्चार्जच्या वेळी हे सांगितले होते, पण कागदावर लिहिले नव्हते. पावसाळ्यात पाय ठणकला म्हणून भावाच्या पत्नीने गरम पाण्याची पिशवी ठेवली आणि फोड आला, तो भरायला तीन आठवडे लागले. अशा पायाला शेक देऊ नये, चुलीजवळ वा गाडीच्या तापलेल्या सायलेन्सरजवळ तो जपावा आणि रोज संध्याकाळी डोळ्यांनी पाहावा, ही सूचना विभागाने मोठ्या अक्षरांत लिहून द्यायला हवी.

हाताचा वा पायाचा हाड-कंडरा उघडा पडलेला मोठा अपघात झाला आणि पुणे गाठणे शक्य असेल, तर मी आमच्या ओळखीच्या कोणालाही याच विभागात पाठवेन, आणि पहिल्या चोवीस तासांत पाठवेन. सोबत बाहेर बसायला माणसे दोन असू द्यावीत, खर्चाच्या अंदाजात व्हॅक धरला आहे का ते लिहून घ्यावे आणि संमतिपत्र कोणाकडून तरी सावकाश वाचवून घ्यावे.

गेल्या महिन्यातल्या तपासणीत सर्जनने फ्लॅपची जाडी कमी करण्याची छोटी शस्त्रक्रिया सुचवली. आतली चरबी कमी केली की बूट नीट बसेल, दोन दिवसांत घरी जाता येईल आणि खर्चाचा अंदाज, या वेळी साहित्यासकट, त्यांनी लिहूनच दिला. भावाने कागद घडी करून खिशात ठेवला आणि यंदाचा ऊस गेल्यावर बघू, असे सांगून तो बाहेर पडला.